भर दिवसा सावळणारा आरसा

कल्पना करा, तुम्ही गाडी चालवताय. बिश्केक केव्हाच मागे पडलंय. वळणावळणाचा चढ संपत आलाय, कानांना दडे बसलेत, आणि समोर डोंगराच्या पोटात त्यो-आशूच्या बोगद्याचं तोंड दिसतंय. आत धूर कोंडलेला असतो म्हणून तुम्ही काचा वर करता आणि आत शिरता. उजेड एकदम संपतो. तुमचे डोळे मात्र अजून बाहेरच्या बर्फावरच्या उन्हातच रेंगाळलेले असतात. तेवढ्यात मागून एक ट्रक येतो. त्याचे दिवे तुमच्या आरशात पडतात आणि आरशातून थेट तुमच्या डोळ्यांत. समोरचा रस्ता नाहीसा होतो. उरतो नुसता पांढरा झोत, आणि त्याच्या मधोमध तरंगणारं एक जांभळं वर्तुळ. आरशाखाली एक लहानशी खिट्टी असते. ती ओढली की आरसा जरासा कलतो आणि मागचे दिवे फिके पडतात. पण त्यासाठी एक हात स्टिअरिंगवरून काढावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच समोरून कुणीतरी गाडी अंगावर घालत येत असतं.

हे एकदा करा. मग उन्हाळाभर करा. मग डोक्यावरचे केस पांढरे होईपर्यंत करत राहा. म्हणजे एसेनकुल तायके कोण, ते तुम्हाला थोडंसं कळेल.

आमच्याकडे आईच्या माहेरच्या गावचा कुठलाही थोरला पुरुष म्हणजे तायके, मामाच. एसेनकुल तायके माझ्या आईच्या गल्लीतले. भाचीला तायकेंची थट्टा करायचा हक्क असतो, त्यांच्याकडे हट्टाने काहीही मागायचा हक्क असतो, आणि तायकेंनी ते हसून सोसायचं असतं. मी बिश्केकला गाड्यांच्या विजेची कामं करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये आहे. तलासला घरी जायचं असलं की मी तायकेंच्याच गाडीची वाट बघते. ते पुढची सीट माझ्यासाठी राखून ठेवतात. कुणी कुरकुर केली तर म्हणतात, "ती माझी मेकॅनिक आहे. गाडी बंद पडली तर ढकलायला तू उतरशील का?"

तायकेंची गाडी सात माणसांची, जपानहून जुनी होऊन आलेली. सकाळी बिश्केकहून निघायचं, घाट चढायचा, बोगद्यातून सूसामीरच्या पठारावर उतरायचं, पठार ओलांडून ओत्मोकची खिंड आणि मग खाली तलास. दुसऱ्या दिवशी दुपारी परत. वाटेत कबरस्तान लागलं की तायके मेलेल्यांसाठी दुवा म्हणून एक तळहात चेहऱ्यावरून फिरवतात आणि मागच्यांनी फिरवला की नाही ते आरशात बघतात. कुणी चुकला तर बोलत नाहीत, नुसते घसा खाकरतात. मागचा माणूस दचकून दोन्ही हात तोंडावरून फिरवतो.

या रस्त्याची एक गंमत आहे, जी माझ्या फार उशिरा लक्षात आली. तलास पश्चिमेला. जाताना सकाळ असते, येताना दुपार कललेली असते. म्हणजे दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. तायकेंच्या साऱ्या आयुष्याला मागून ऊन लागत आलंय. त्यांची सावली नेहमी त्यांच्यापुढे धावते, आणि त्यांच्या आरशात नेहमी उजेड असतो.

तो आरसा त्यांनी गेल्या हिवाळ्यात बदलला. बोगद्यातल्या ट्रकांच्या दिव्यांनी त्यांना त्रास व्हायला लागला होता. डोळ्यांपुढचं जांभळं वर्तुळ पूर्वी लगेच विरायचं, ते आता बोगदा संपला तरी विरेना. सुट्या भागांच्या बाजारात, जिथे जगभरच्या मोडक्या गाड्यांचे दरवाजे न् दिवे कंटेनरमध्ये रचून ठेवलेले असतात, तिथे एका दुकानदाराने त्यांना मागच्या उजेडाला आपोआप मंद करणारा आरसा दाखवला. खिट्टी नाही, हात लावायला नको. "रात्री आणि बोगद्यात हा आपलं आपण बघेल," दुकानदार म्हणाला. "दिवसा मात्र साधी काच. काहीही करणार नाही."

तायकेंनी हे वाक्य मनात पक्कं धरून ठेवलं. दिवसा साधी काच.

आरसा बसवला आणि बोगदा बदलला. मागून ट्रक आला की आरसा हळूच सावळायचा, निळसर हिरवा व्हायचा. ट्रकचे दिवे मग पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या दोन मेणबत्त्यांसारखे दिसायचे. तायके लोकांना सांगत सुटले होते, "माझ्या गाडीत एक तळं आहे. मागून कोण आला की त्यात बुडवतो मी त्याला."

आणि मग वसंत आला, पठारावरचं बर्फ वितळलं, आणि तायकेंनी तळ्याबद्दल बोलणं बंद केलं.

कारण भर दिवसा त्यांना मागचं सगळं निळं दिसायला लागलं होतं. समोर पाहिलं तर ऊन, पिवळी फुलं, शिंगरं. आरशात पाहिलं तर संध्याकाळ. तेच डोंगर, तेच तंबू, पण त्यांच्यावर कुणी निळी चादर ओढल्यासारखी. गाडी पठारावरून जात होती आणि तिच्या मागे रोज सकाळी संध्याकाळ होत होती.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी लगेच आरशाकडे बोट दाखवलं असतं. पण तायकेंना त्यांची आई आठवली. ती उन्हाळ्यात वरच्या कुरणावर घोड्या दोहायची. एका उन्हाळ्यात ती म्हणायला लागली, हल्ली संध्याकाळ लवकर होते. सगळं निळं दिसतंय, शिंगरं बांधा. लोक हसायचे, सूर्य अजून डोक्यावर असायचा. पुढच्या उन्हाळ्यात तिला घोड्या हाताने चाचपून ओळखाव्या लागल्या. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिला कुरणावर नेलंच नाही.

तायकेंनी मनाशी हिशोब मांडला: आईचे डोळे आपल्याकडे आले. पाठीमागे सहा माणसं बसवून चालवणाऱ्या माणसाने अशा डोळ्यांनी घाट चढू नये. म्हणून त्यांनी कारा-बाल्ताच्या सोवेतबेकला गाडी द्यायचं ठरवलं. हा सोवेतबेक त्याच रस्त्यावर दुसरी गाडी चालवणारा, त्यांच्याहून तरुण, जिभेने तिखट. गावच्या म्हाताऱ्यांपुढे बोलणं झालं, तळहात पसरून आशीर्वाद झाला. अशा बोलण्यावरून माणूस मागे फिरत नाही. गुरं कुरणावरून खाली उतरली की किल्ली सोवेतबेकची, असं ठरलं. घरी विचारलं तर म्हणाले, "कंटाळा आला." त्यांची बायको सुयुमकान, जिला मी ताजेने, म्हणजे मामी, म्हणते, ती मला म्हणाली, "खोटं बोलतायत. हा माणूस झोपेतसुद्धा गिअर बदलतो."

त्या उन्हाळ्याच्या अखेरीची ती सकाळ. माझ्या चुलतबहिणीच्या घरी नव्या बाळाला पाळण्यात घालायचा समारंभ होता, म्हणून मी तलासला निघाले होते. आदल्या रात्री तायके बिश्केकला मुलीकडे उतरले होते आणि ताजेनेही सोबत आली होती. निघताना ती अंगणात आली, हातात लोखंडी पळी, पळीत निखारे आणि निखाऱ्यांवर अर्चा नावाच्या डोंगरी झुडपाची वाळकी फांदी. धूर भसाभस निघत होता. असा धूर देऊन वाईटसाईट दूर ठेवायची आमच्याकडे रीत आहे. बाळाला देतात, नव्या घराला देतात. ताजेने गाडीला देते, आणि प्रत्येक फेरीला देते. तिने गाडीभोवती तीन वेढे घेतले, मग पुढचं दार उघडून अर्धी आत शिरली आणि पळी काचेखाली धरून "अलास, अलास" पुटपुटत राहिली.

"ताजेने, पुरे की," मी खोकत म्हणाले. "आम्ही तलासला चाललोय, मांसासारखं धुरावर टांगायला नाही."

"गप बस. मागच्या वर्षी धूर न देता गेले तर टायर फुटला होता."

"टायर जुना होता, अगं," तायके म्हणाले.

"अहो, टायर जुना होता, पण फुटला त्याच दिवशी. का? सांगा ना, का?"

तायकेंनी बाहीने समोरची काच पुसली, आरशाचा चेहरा पुसला आणि आम्ही निघालो.

मागे तुर्सुनाय-एजे, म्हणजे तुर्सुनाय अक्का, होती; तीही समारंभालाच निघाली होती, मांडीवरच्या पिशवीत व्होडकाची बाटली घेऊन. ती तलासच्या राजम्याचा धंदा करते. जाताना नमुने नेते, येताना पोती आणते, आणि दोन्ही वेळा बोलत असते. तिच्या शेजारचे तिघे घाटाआधीच झोपले. बोगद्यात आम्ही अंधारात शिरलो, मागे ट्रक होता, आणि आरसा इतका छान सावळला की मला कौतुक वाटलं. बोगदा संपला. खाली सूसामीर पसरलं होतं. उन्हाळा संपत आल्यामुळे गवत सोनेरी झालं होतं आणि तंबूंचे धूर सरळ वर जात होते. सगळं पठार जणू झोपेतून अर्धवट उठून पुन्हा कुशीवर वळत होतं. मलाही पेंग येत होती. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी मी मान वळवली आणि आरशाकडे नजर गेली.

आरसा अजून निळाच होता.

आम्हाला बोगद्यातून बाहेर पडून चांगला वेळ झाला होता. मागे डोंगर निळे, रस्ता निळा, आमच्या चाकांनी उडवलेली धूळ निळी. कुणीतरी आम्ही गेल्यावर मागच्या दुनियेचे दिवे मालवत येत होतं.

"तायके," मी जांभई देत म्हणाले, "तुमचं तळं अजून भरलेलंच आहे. मागे सगळं निळं दिसतंय."

थोड्या वेळाने गाडी हळू झाली आणि घोडीचं दूध विकणाऱ्या एका तंबूपुढे रस्त्याच्या कडेला थांबली. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"काय म्हणालीस?"

"निळं दिसतंय म्हणाले."

"तुला?"

"मला म्हणजे काय? आरशात."

"जिपार, नीट सांग. थट्टा करायची नाही. तुलाही निळं दिसतं?"

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मागून तुर्सुनाय-एजे पुढे वाकली.

"हो तायके. मलाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आईचं, शिंगरांचं, सोवेतबेकचं. समोर बघत सांगितलं, जसं ते रस्त्यात कुणाशीही बोलतात.

"पण बाहेरच्या आरशांत?" मी विचारलं. "तिथे पण निळं?"

"तिथे नीट दिसतं."

"मग!"

"तिथे मी जवळचं बघतो. चाक, खड्डा, मेंढ्या. लांबचं या आरशात बघतो. आईचंही लांबचंच आधी गेलं होतं." त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. "आणि खरं सांगू का, मी फार तपासलं नाही. तपासलं असतं तर कळलं असतं ना."

तुर्सुनाय-एजे मागून म्हणाली, "पुरुषांचं सगळं असंच. माझा नवरा दाढ दुखते म्हणून दंतवैद्याच्या गल्लीतूनसुद्धा जात नसे."

मी त्यांना किल्ली फिरवून वीज चालू ठेवायला सांगितलं आणि आरशाखाली मान घातली. असे दोन आरसे मी वर्कशॉपमध्ये फोडून बघितले होते, नुसत्या हौसेपोटी. आपल्याला जी एक काच वाटते, त्या प्रत्यक्षात दोन असतात. मध्ये केसाएवढी फट, आणि फटीत चिकट रसासारखा एक पदार्थ भरलेला. काचांच्या आतल्या बाजूंना वीज वाहून नेणारा थर असतो. तो इतका पातळ की त्यातून आरपार दिसतं. त्या थरांना थोडी वीज दिली, टॉर्चच्या एका सेलपेक्षाही कमी, की रसाचा रंग बदलतो. तो निळसर गडद होतो आणि उजेड गिळतो. वीज काढून घेतली की रस पुन्हा पाण्यासारखा नितळ.

"आणि वीज द्यायची केव्हा ते कोण ठरवतं?" तायकेंनी विचारलं.

"आरशाला दोन डोळे असतात, तायके."

"दोनच? मग माझ्यासारखाच झाला."

"हा बघा एक. इथे, चेहऱ्यावर, खालच्या कडेला काळा ठिपका. हा मागे बघतो. मागून दिवा येतोय का, केवढा येतोय. पण तेवढ्याने भागत नाही. दिवसा मागून ऊन येतं, तेव्हा आरसा काळा करून चालेल का? म्हणून दुसरा डोळा पाठीला. तो पुढच्या काचेतून आभाळ बघतो. आभाळ उजळ असेल तर तो म्हणतो, दिवस आहे, मागे कितीही लखलखू दे, आपण गप्प बसायचं. आभाळ अंधारलेलं असेल आणि मागे लखलखत असेल, तरच वीज सोडायची."

तायके त्या ठिपक्याकडे वाकले. "म्हणजे एक डोळा विचारतो, काय येतंय. आणि दुसरा विचारतो, वेळ कुठली."

मी इतक्या नीट कधी सांगू शकले नसते. मी त्यांना म्हणाले, "आता एक करू. कलपाक द्या."

त्यांनी डोक्यावरच्या पांढऱ्या लोकरी टोपीला हात लावला आणि तो तसाच राहिला. कलपाक कुणी कुणाच्या हातात देत नाही.

"देणार नाही," ते म्हणाले. "काय करायचं ते सांग, मी धरतो."

"मागे बघणाऱ्या डोळ्यावर धरा. मागचं ऊन अडवा."

त्यांनी टोपी काढली आणि तिची कड त्या ठिपक्यावर अलगद टेकवली. आम्ही तिघं आरशाकडे बघत बसलो. आधी काहीच झालं नाही. मग अगदी सावकाश, पहाट होते तितक्या सावकाश वाटलं मला, निळं उतरू लागलं. कडेने आधी, मग मधोमध. डोंगराला त्याचा तपकिरी रंग आला. गवताला सोनं आलं. मागे दूरवर एक घोडा उभा होता, तो तांबडा झाला.

तायकेंनी टोपी काढली. घोडा पुन्हा निळा झाला. टोपी धरली. घोडा तांबडा. असं त्यांनी कितीदा केलं कोण जाणे. तुर्सुनाय-एजे म्हणाली, "त्या बिचाऱ्या घोड्याला एकदाचं ठरवू द्या."

"तर आरसा शुद्धीवर आहे," मी म्हणाले. "मागचा डोळा बरोबर आहे. पुढच्याला मात्र वाटतंय की रात्र आहे." मी हात आरशामागे घातला आणि बोटाने तो दुसरा डोळा शोधला. बोट चिकटलं. काढून पाहिलं तर टोकाला तपकिरी मेणासारखा डाग, त्यात धूळ मिसळलेली. मी वास घेतला आणि हसायलाच लागले. बोट तायकेंच्या नाकाखाली धरलं.

त्यांनी हुंगलं. डोळे मिटले. पुन्हा हुंगलं.

"अर्चा," ते म्हणाले.

हिवाळाभर, वसंतभर, प्रत्येक फेरीला ताजेनेची पळी आरशाखाली. समोरची काच तायके पुसायचे, आरशाचा चेहरा पुसायचे. पाठीला डोळा आहे हे कुणाला माहीत? अर्च्याची राळ त्याच्यावर चढत गेली आणि धूळ तिच्यात रुतत गेली. बिचाऱ्या डोळ्याला आभाळ दिसेना. तो म्हणायला लागला, रात्र झाली. आणि मागून तर कायम ऊन. जाताना सकाळचं, येताना दुपारचं. रात्र आहे आणि मागून झगझगीत उजेड येतोय, म्हणजे ट्रकच असणार. आरसा आपलं काम इमानाने करत होता.

"राळ पाण्याने जायची नाही," मी म्हणाले. "स्पिरिट पाहिजे."

तायके आणि मी एकदमच मागे वळलो. तुर्सुनाय-एजेने मांडीवरची पिशवी पोटाशी धरली.

"ही समारंभाची बाटली आहे."

"एक बूच, एजे."

"सील फोडलेली बाटली घेऊन जाऊ? लोक म्हणतील, ही वाटेत घोटत आली."

"मी साक्ष देईन," तायके म्हणाले. "म्हणेन, आरशाने प्यायली."

शेवटी तिने सील फोडलं, बूचभर व्होडका दिली, आणि आरशाच्या तब्येतीसाठी म्हणून उरलेला थेंब स्वतः चाटला. मी आगकाडीला कापूस गुंडाळून डोळा पुसला. कापूस तपकिरी झाला. दुसरा घेतला, तो पिवळट झाला. तिसरा पांढरा राहिला. गाडीत देवळातल्यासारखा वास भरला, खरं म्हणजे देवळातल्या गुत्त्यासारखा. आणि आम्ही मान वर केली तेव्हा आरशात लख्ख दिवस होता.

तायके किती तरी वेळ गाडी सुरू करेनात. ते पुढे बघतच नव्हते. ज्या रस्त्याने आलो तो, जिथून उतरलो तो घाट, तो तांबडा घोडा, सगळं आरशात बघत होते. उन्हाळाभर त्यांनी ते बघितलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. तलासला पोचल्यावर तायके स्वतःहून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आईचा आजार नव्हता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती, म्हणून बोगद्यातले दिवे डोळ्यांत पसरायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसा चालवा, अंधार पडल्यावर नको, आणि वर्षाने दाखवा.

अवघड काम सोवेतबेकचं होतं. आशीर्वाद घेतलेला शब्द मोडायचा होता. तायके त्याच्या घरी गेले, आतल्या मानाच्या जागी बसायला नको म्हणाले, दाराशीच बसले आणि होतं तसं सांगितलं. सोवेतबेकने ऐकून घेतलं.

"म्हणजे एसेनकुल-बाइके," तो थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हणाला, "तुमच्या बायकोने धूर केला, तुम्हाला वाटलं आंधळा होतोय, आणि गाडी माझ्या हातून गेली."

"तसंच."

"वहिनींना माझ्याकडे कधी पाठवू नका. माझी गाडी आधीच रडतखडत चालते." मग तो उठला, त्याने तायकेंना हाताला धरून आत नेऊन मानाच्या जागी बसवलं. "पण डोळे खरंच गेले तर पहिला फोन मला. दुसऱ्या कुणाला दिलीत तर मी स्वतः येऊन धूर करीन."

ताजेनेला सांगायचं धाडस मात्र कुणाला होईना. शेवटी मीच सांगितलं. भाचीला सगळं माफ असतं.

तिने हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझ्या धुराने तो आरसा आंधळा झाला."

"थोडासा."

"पण हे आंधळे नाही झाले."

"नाही."

"मग धुराने काम केलं की नाही?" आणि ती आत निघून गेली.

पण दुसऱ्या आठवड्यात गाडीत बघते तर आरशाला टोपी. जाड लोकरीच्या तुकड्यातून शिवलेली, शिकारी गरुडाच्या डोळ्यांवर घालतात तशी, कडेला लाल दोऱ्याची वीण, ओढायला एक छोटा गोंडा. ताजेनेचे वडील गरुड पाळायचे. गरुडाला टोपी घातली की तो शांत बसतो, काढली की बघायला लागतो. आता धूर द्यायच्या आधी ती आरशाला टोपी घालते आणि धूर विरला की स्वतःच्या हाताने काढते. सोडताना गरुडाला म्हणतात तसं काहीतरी त्याच्या कानाशी पुटपुटते. आरशाला कान नाहीत, हे मी तिला सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात मी पुन्हा तायकेंच्या शेजारी बसून गेले. गुरं खाली उतरली होती. सूसामीर रिकामं होतं. जिथे तंबू होते तिथे फिकट गोल डाग तेवढे उरले होते. त्याच तंबूच्या जागी तायकेंनी गाडी थांबवली. मागचे सगळे पाय मोकळे करायला उतरले. सकाळचं ऊन मागून येत होतं. तायकेंनी किल्ली फिरवून वीज चालू ठेवली, हात आरशामागे नेला आणि पाठीवरचा, आभाळ बघणारा डोळा अंगठ्याने झाकला.

आरसा सावळत गेला. डोंगर निळे झाले, मग रस्ता, मग ते तंबूंचे डाग.

"काय करताय?" मी विचारलं.

"कधी कधी करतो." अंगठा तसाच होता. "तू म्हणाली होतीस ना, त्या रसात उजेड गिळायचा गुण आहे. मग तो निळाच का होतो? तांबडा का नाही, काळा का नाही?"

"त्या पदार्थाचा रंगच तो, तायके. वीज मिळाली की तो निळा होतो. दुसरे पदार्थ दुसऱ्या रंगांचे असतात."

"हं."

त्यांनी आरशातून नजर काढली नाही. मागे कुठेतरी आमच्या गाडीतले लोक हसत होते, त्यांचे निळे आकार रस्त्यावर इकडेतिकडे फिरत होते.

"आई म्हणायची, संध्याकाळ झाली, शिंगरं बांधा. आम्ही हसायचो. तिच्या शेजारी बसून तिला दिसतं ते बघायची सोय कुठे होती? तू माझ्या शेजारी बसलीस आणि तुलाही दिसलं. तिचं कुणालाच दिसलं नाही." त्यांनी आरसा थोडा माझ्याकडे कलवला, म्हणजे मलाही आरशात नीट दिसावं. "तू शिकलेली आहेस, पोरी. मला एवढंच सांग. तिला दिसायचं ते निळं हेच होतं का गं?"